गोळी झाडलेल्या पोलिसाच्या मागे आपण किती दिवस उभे राहतो?

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

सीमाभागातल्या आपल्या माणसांसमोर हा विषय काढताना जपून बोलावं लागतं. तरी स्पष्टच लिहिते. जिवावर उठलेला माणूस समोरून येत असताना ज्या पोलिसाने गोळी झाडली आणि त्यात तो माणूस मेला, त्या पोलिसाच्या बाजूने मी आहे. चौकशी व्हायलाच हवी. पण ती संपेपर्यंत त्याला खुनी म्हणू नका, आणि निर्दोष ठरल्यावर तरी त्याच्या घराकडे बोट दाखवणं थांबवा, इतकं माझं मागणं आहे.

माझे वडील जिल्हा पोलिसात हवालदार होते. आता भाचा खानापूरच्या प्रशिक्षण शाळेतून कॉन्स्टेबल होऊन बाहेर पडलाय. त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या ताटावर असतो.

वडिलांच्या एका सहकाऱ्याची हकिगत सांगते. नाव-गाव मुद्दाम देत नाही. घाटरस्त्यावर रात्रीचे ट्रक अडवून लुटणारी टोळी होती. गस्तीची जीप पोचली, तेव्हा टोळी एका ट्रकच्या चालकाला खाली ओढून मारत होती. फौजदार पुढे, हे हवालदार मागे. जीपच्या दिव्यांच्या उजेडात एकजण कोयता घेऊन फौजदारांवर धावून आला. पहिला वार फौजदारांनी हातावर झेलला. दुसरा उगारला तेव्हा हवालदारांनी थ्री-नॉट-थ्रीतून गोळी झाडली. त्यालाच जीपमध्ये घालून सिव्हिलला नेलं, पण तो वाटेतच गेला.

दुसऱ्या दिवशी गावात हार, शाल, श्रीफळ सगळं झालं. इकडे बंदूक जमा झाली, पुंगळी जमा झाली, गोळ्या किती नेल्या आणि किती परत आल्या याचा हिशेब झाला, पंचनामा झाला. हे रीतीप्रमाणेच होतं आणि त्याबद्दल त्या हवालदारांची कधी तक्रार नव्हती. तक्रार पुढची आहे. प्रांतांसमोर चौकशी लागली तेव्हा ज्या ट्रकवाल्यांचा जीव वाचला होता त्यांच्यातला एकही साक्षीला आला नाही. जवळच्या हॉटेलवाल्याने ‘मी झोपलो होतो’ म्हणून हात झटकले. हार घालणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्यासोबत कचेरीच्या पायरीपर्यंतसुद्धा गेलं नाही. शेवटी फौजदारांच्या हातावरची जखम आणि डॉक्टरांचा दाखला एवढ्यावर सगळं तरलं. मधल्या वर्षांत बढती अडकली. मुलीचं ठरत आलेलं लग्न ‘त्यांच्या हातून माणूस मेलाय’ एवढ्या वाक्यावर मोडलं. निर्दोष असल्याचा कागद हातात पडला तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते.

ते वडिलांना एकच सांगायचे, “दिव्यात त्याचा चेहरा दिसला होता रे. पोरगंच होतं.” पोलिस गोळी घालतो आणि विसरतो असं ज्यांना वाटतं त्यांनी अशा एखाद्या माणसाशेजारी एक रात्र बसून बघावं.

जानेवारी २०१४ मध्ये गुलबर्ग्यात पीएसआय मल्लिकार्जुन बंडे सुपारी घेऊन खून करणाऱ्या एका गुंडाला पकडायला गेले. चकमकीत त्यांनाच गोळी लागली आणि आठवड्याभराने हैदराबादच्या रुग्णालयात ते गेले. २०२३ मध्ये जेवरगी तालुक्यात वाळूचा ट्रॅक्टर अडवणाऱ्या हेड कॉन्स्टेबलच्या अंगावर तोच ट्रॅक्टर घातला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. अशी बातमी आली की आपण हळहळतो. तोच पोलिस वाचला असता आणि समोरचा मेला असता, तर याच माणसाला आपण दहा वर्षं संशयाने बघितलं असतं. या हिशेबात काहीतरी चुकतंय, असं माझं मन सांगतं. मतं मांडा.

अनगोळ नाका

ताई, शंभर टक्के बरोबर. माझं तर म्हणणं, हुबळीत केलं तसं सगळीकडे करा. कोर्टात वीस वर्षं पोसायचं कशाला? चौकशी-बिवकशी काही नको. अशा नराधमांना जागेवर गोळ्या.

मलप्रभाकाठ

दादा, तुमचा राग कळतो. हुबळीत पळवून नेऊन मारलेली ती लेक पाच वर्षांची होती. पण तुम्ही बोलताय ते माझ्या हवालदाराला तारत नाही, बुडवतं.

हुबळीचं नीट आठवा. १३ एप्रिल २०२५. लोक पोलिस ठाण्यासमोर जमून आरोपीला आमच्या ताब्यात द्या, नाहीतर एन्काउंटर करा म्हणून ओरडत होते. त्याच दिवशी पोलिस त्याला तपासासाठी बाहेर घेऊन गेले. त्याने दगडफेक केली, पळायला लागला, आधी हवेत गोळी झाडली, मग त्याच्यावर झाडली, असं पोलिसांनी सांगितलं. त्यात तो मेला. गोळी झाडणारी महिला पीएसआय आपल्याच बेळगाव जिल्ह्यातली. ती आणि तिचे सहकारी जखमी झाले होते. प्रकरण सीआयडीकडे गेलं, पीयूसीएल ही मानवी हक्क संघटना उच्च न्यायालयात गेली, मृतदेह जपून ठेवण्याचा मुद्दा तिथे निघाला.

ती अधिकारी खरं सांगत असेल, तर तिच्या विरोधातला सगळ्यात वाईट पुरावा कोणता? ठाण्यासमोरची ती आरोळी. उद्या कुठलाही वकील म्हणेल, लोकांनी एन्काउंटर मागितला आणि यांनी तो दिला. स्वतःचा जीव वाचवायला झाडलेली गोळी आणि जमावाला खूश करायला झाडलेली गोळी यांतला फरक पुसायचं काम आपल्या घोषणा करतात. मला तो फरक ठळक राहायला हवा आहे, कारण माझ्या भाच्याचा जीव त्या फरकावर टांगलेला असेल.

हैदराबादचं २०१९ चंही तेच. डॉक्टर तरुणीवरच्या बलात्कार-खुनातले चौघे आरोपी ६ डिसेंबरच्या पहाटे मारले गेले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने ती चकमक खरी मानली नाही आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा असं म्हटलं. फुलं उधळणारे आज कुठे आहेत?

हिंडलगा रोड

मी या धाग्यावर लिहिणार नव्हतो. पण शीर्षक वाचून राहवलं नाही.

दर १ जूनला आम्ही हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जातो. १९८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात आपली नऊ माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. त्याआधी १७ जानेवारी १९५६. बेळगावात आणि निपाणीत तेव्हाही गोळ्याच चालल्या. हातात कोयता नव्हता कुणाच्या. आपली भाषा आपल्या पोरांना शिकायला मिळावी म्हणून रस्त्यावर आलेले लोक होते ते. तेव्हाही सरकारी कागदावर ‘परिस्थिती हाताबाहेर गेली, नाइलाजाने गोळीबार करावा लागला’ असलंच लिहिलं गेलं असणार. ताई, तुमच्या वडिलांचा मान राखून विचारतो, या गावात बसून पोलिसाच्या गोळीची बाजू घ्यायची कशी?

मलप्रभाकाठ

दादा, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. हा प्रश्न टाळून या जिल्ह्यात हा विषय बोलताच येत नाही.

१९८६ साली वडील विजापुरात नेमणुकीला होते. मराठी माणूस, कर्नाटक पोलिसाचा गणवेश. त्या पावसाळ्यात सुट्टीवर गावी आले तर बालपणीचे मित्र पारावरून उठून गेले. आजीने त्यांना गणवेश पिशवीत घालून यायला सांगितलं होतं. ते जखमेसारखं आमच्या घरात राहिलं. तेव्हा हिंडलग्याचं दुःख तुमचं आणि मी पोलिसाची लेक, असं नका समजू.

आता माझं मत. जमावावरचा गोळीबार ही वेगळी गोष्ट आहे. तिथे हुकूम वरून येतो. रांगेतला शिपाई स्वतःच्या डोळ्यांनी धोका तोलून गोळी झाडत नाही. जमाव पांगवायचा हुकूम कोणी दिला, आधी लाठी, अश्रुधूर, इशारा झाला का, नि:शस्त्र माणसाच्या अंगावर नेम का धरला, याचा जाब हुकूम देणाऱ्याकडे आणि त्याच्या वरच्या सरकारकडे मागायचा असतो. १९८६ ला तो आपल्याला समाधान होईल असा मिळाला नाही. मी त्या गोळीबाराची बाजू घेत नाही, कधीच घेणार नाही.

मी ज्याची बाजू घेते तो एकटा असतो. त्याच्यासमोर एक माणूस असतो, त्या माणसाच्या हातात हत्यार असतं, आणि त्या क्षणी त्याने काही केलं नाही तर कुणीतरी मरणार असतं. हे दोन गोळीबार आपणच एका पोत्यात भरले, तर सरकारला ते सोयीचंच आहे. मग कुठल्याही जमावावर गोळ्या चालवून ‘स्वसंरक्षण’ म्हणायला ते मोकळे. हिंडलग्याची आठवण ठेवणाऱ्यानेच हा फरक सगळ्यात घट्ट धरला पाहिजे.

हिंडलगा रोड

पटतंय म्हणत नाही. विचार करतो. पारावरून उठून जाणाऱ्यांत माझे वडीलही असू शकतील, तुमचं गाव मला अंदाजाने कळलं.

निवृत्त खाकी

मी केएसआरपीत, म्हणजे कर्नाटकच्या राखीव पोलिस दलात होतो, नंतर बरीच वर्षं नेमबाजी शिकवली. दोन प्रश्न लोक मला नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं देतो.

एक. “त्याच्या हातात फक्त चाकू होता, यांच्याकडे पिस्तूल. मारायची गरज काय?” चाकूवाला २१ फुटांवर असला तर तो दीड सेकंदाच्या आसपास तुमच्या अंगावर पोचतो. अमेरिकेतल्या एका पोलिस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये हे मोजून मांडलं, आणि आम्ही मैदानावर पोरांना लाकडी चाकू देऊन तेच करून बघायचो. तेवढ्या वेळात म्यानातून पिस्तूल काढायचं, सेफ्टी उघडायची, मागे आपला माणूस उभा नाही ना ते बघायचं. बहुतेक पोरांना काढेपर्यंतच चाकू लागलेला असायचा.

दोन. “पायावर का नाही मारली?” आपल्या राज्यात रोज पेपरात ‘पायावर गोळी झाडून पकडले’ असं येतं, त्यामुळे लोकांना वाटतं की पाय म्हणजे भिंतीवरचा कागद. पळणाऱ्या माणसाची पोटरी अरुंद असते आणि सारखी हलते. चुकलेली गोळी डांबरी रस्त्यावर आपटून उडाली की कुठल्या दुकानात शिरेल सांगता येत नाही. लागली तरी मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. अंधारात, धाप लागलेली, हात थरथरतोय, अशात शिकवण एकच असते, शरीराच्या मधल्या भागावर नेम. म्हणून गोळी झाडायचीच नाही हे शिकवायला आम्ही जास्त वेळ घेत असू. झाडली की तिचं काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही.

एकजण मला तुकाराम ओंबळेंचं उदाहरण देत होते, की त्यांनी लाठीवर कसाब पकडला, मग बाकीच्यांना गोळी कशाला लागते. साताऱ्याच्या केडंब्याचे ओंबळे आमचं दैवत आहेत. पण त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून सगळ्या गोळ्या स्वतःच्या पोटात घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. त्याच नाक्यावर त्याचा साथीदार पोलिसांच्या गोळीने पडला. ओंबळेंना अशोक चक्र मिळालं ते मरणोत्तर. प्रत्येक हवालदाराने असंच मरावं, असं कोणी हक्काने म्हणू शकत नाही.

शहापूर पेठ

निवृत्त काकांचं तंत्र मान्य. पण मी वेगळं विचारतो. प्रत्येक वेळी गोष्ट तीच कशी असते? पहाटेची वेळ, पंचनाम्याला नेलं, त्याने दगड मारला किंवा पिस्तूल हिसकावलं, मग गोळी. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारातला आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिस गाडीत मेला. सोबत सगळे पोलिस. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवरच ठपका आला. मरणारा बहुतेक वेळा गरीब, परगावचा, मागे वकील नसलेला. खरं बोलणारा पोलिस आणि खोटं बोलणारा पोलिस मी ओळखू कसा?

मलप्रभाकाठ

हा सगळ्यात रास्त प्रश्न आहे. तुम्ही ओळखू शकत नाही, मीही नाही. आणि प्रत्येक खोट्या चकमकीची किंमत मरणाऱ्याच्या घरानंतर सगळ्यात जास्त खऱ्या पोलिसालाच मोजावी लागते, कारण त्याची खरी गोष्टही लोकांना पाठ झालेली वाटते.

म्हणूनच कारवाईला निघालेल्या पथकाच्या अंगावर कॅमेरा असावा आणि तो बंद ठेवला तर खुलासा मागावा, ही मागणी पोलिसांच्या घरच्यांनी सगळ्यात आधी करायला हवी. घाटातल्या त्या रात्री असा कॅमेरा असता, तर ट्रकवाल्यांच्या पाया पडायची वेळ आली नसती. बदलापूर प्रकरणातल्या दोषी पोलिसांना शिक्षा झाली तर माझ्या भाच्याचं काही वाईट होत नाही. झाली नाही तर होतं.

कॅम्पातला वकील

धागा वाचतोय. कायद्याचं थोडं लिहितो.

पोलिसाला माणूस मारायचा वेगळा परवाना कुठल्याच कायद्यात नाही. भारतीय न्याय संहितेतली कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. ती तुम्हाला, मला आणि पोलिसाला सारखीच लागू. मरण किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल तर कलम ३८ खाली प्रतिकार मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. अटक करताना विरोध झाला तर बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही अशा माणसाचा जीव त्या अधिकाराखाली घेता येत नाही, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ म्हणतं. लोकसेवकाने सद्भावनेने, मनात वैर नसताना, कर्तव्य करताना मर्यादा ओलांडली तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो, हा अपवादही कलम १०१ मध्ये आहे. म्हणजे कायदा पोलिसाचा विचार करतो.

कर्नाटकात आणखी एक संरक्षण आहे, कर्नाटक पोलिस कायद्याचं कलम १७०. कर्तव्याशी जोडलेल्या कृत्याबद्दल खटला भरायला सरकारची मंजुरी लागते. २०२० च्या देवराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. कर्तव्य करताना थोडं जास्त झालं तरी मंजुरी लागते, पण कर्तव्याचा नुसता बुरखा असेल तर हे कवच मिळत नाही.

२०१२ च्या झारखंडच्या ओमप्रकाश प्रकरणात न्यायालयाने दोन्ही गोष्टी एकाच निकालात केल्या. आरोपी कितीही खतरनाक असला तरी त्याला मारणं हे पोलिसाचं काम नाही, असं सुनावलं, आणि त्या प्रकरणातल्या पोलिसांवर गुंडांनी आधी गोळीबार केल्याचं दिसल्यावर त्यांच्यावरचा खटला रद्दही केला.

लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेला निकाल २३ सप्टेंबर २०१४ चा, पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र. मुंबईतल्या १९९५ ते १९९७ मधल्या ९९ चकमकी आणि १३५ मृत्यूंवरून तो आला. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की एफआयआर, सीआयडीकडून किंवा दुसऱ्या ठाण्याकडून तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, जखमीला औषधोपचार, शस्त्र तपासणीला जमा. शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत बक्षीस नाही, आऊट ऑफ टर्न बढती नाही. पोलिस मित्र या निकालावर चिडतात. मी त्यांना सांगतो, हीच तुमची ढाल आहे. स्वतंत्र तपासातून सुटलेल्याला पुन्हा ओढणं अवघड जातं. आपल्याच ठाण्याने क्लीन चिट दिलेल्याला वीस वर्षांनीही ओढता येतं. मुंबईतल्या लखनभैया प्रकरणात २००६ च्या चकमकीची शिक्षा एका नावाजलेल्या अधिकाऱ्याला २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दिली.

निपाणीची सून

माझे मिस्टर पोलिसात आहेत. कायद्याचं कळलं. पण गोळी झाडल्यानंतर त्या माणसाच्या मनाचं काय, हे कुणीच बोललं नाही. मलप्रभाताईंच्या हवालदारकाकांना पोराचा चेहरा दिसायचा. यांच्या ठाण्यातल्या एकाला दुसऱ्याच दिवशी बंदोबस्ताला उभं केलं होतं. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणतात, ‘वेडा झालाय असं लिहिलं जाईल.’ घरात मुलं मोठ्याने दार आपटली तरी हे लोक दचकतात. गोळी झाडलेल्या प्रत्येकाला काही दिवस सक्तीची रजा आणि डॉक्टर, अशी मागणी कुणी करत असेल तर माझी सही घ्या.

निवृत्त खाकी

वहिनी, माझीही घ्या. आमच्या वेळी दारू हेच औषध होतं. त्यात चांगली माणसं गेली.

उसाच्या कडंला

मी निपाणी भागातला शेतकरी. वकीलसाहेबांना विचारायचं होतं. आमच्याकडं थ्री फेज लाइट रात्रीची येती, म्हणून मी पाणी पाजायला रानात होतो. हायवेच्या बाजूला पोलिसांनी गाडी अडवली, दोघं उतरून पळाले, एकानं मागं वळून पोलिसावर तलवार चालवली, मग गोळी झाली. पायाला लागली, तो वाचला. मी बांधावरनं बघितलंय. दुसऱ्या दिवशी पोलिसानंच मुद्दाम केलं असं गावात बोलायला लागले. मी गप्प बसलो. बायको म्हणती कशाला पडताय. माणूस मेला नाही, तर माझं सांगणं कुठं लागतंय का?

कॅम्पातला वकील

लागतं. २०१४ च्या निकालातले नियम जबर जखमी झालेल्या प्रकरणांनाही शक्य तितके लावायचे, असं न्यायालयाने सांगितलंय. तपास कुणाकडे आहे ते एसपी कार्यालयात विचारा. चौकशी लागली असेल तर तुमच्यासाठी चिकोडीचे प्रांत. पाहिलं तेवढंच लिहा: वेळ, अंतर, उजेड कशाचा होता, आधी तलवार की आधी गोळी. ऐकलेलं काही घालू नका. पोलिसाच्या बाजूचं म्हणून नको आणि विरोधातलं म्हणूनही नको. अर्जाची पोच घ्या. जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला तर मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, दुभाषा मागा.

मलप्रभाकाठ

दादा, एकटं जायला नको वाटत असेल तर सांगा. चिकोडीला आमचे पाहुणे आहेत, मी येते.

उसाच्या कडंला

या ताई. सोमवारी लाइट दिवसाची हाय, पाण्याची पाळी पोरगा बघंल. एक सांगतो, आधी तलवार, मग गोळी. मधी त्या पोलिसानं दोनदा ओरडून थांब म्हटलं होतं, कन्नडमधनं बी आणि मराठीतनं बी. ते पण लिहायचं का?

कॅम्पातला वकील

ते सगळ्यात आधी लिहा.